इस्तंबूलच्या बाजारात भाव करताना

तुर्कस्तानच्या सहलीत इस्तंबूलचा ग्रँड बाजार बहुधा असतोच. सुलतान दुसरा मेहमद याने 1453 मध्ये शहर जिंकले आणि थोड्याच वर्षांत हा बाजार उभा राहू लागला. आज एका छताखाली साठेक गल्ल्या आणि हजारो दुकाने आहेत. रविवारी मात्र बाजार बंद असतो.

गालिचे, दिवे, चामड्याच्या वस्तू यांवर घासाघीस चालते. आधी दोन-तीन दुकानांत भाव काढा, किती द्यायचे ते मनाशी ठरवा आणि पहिला आकडा दुकानदाराला सांगू द्या. तो लिरात बोलतोय की युरोत, हेही विचारून घ्या. बोलता बोलता चहा येईल. तो खुशाल प्या, चहा घेतला म्हणून खरेदीचे बंधन नाही. पण तुम्ही मागितलेला भाव त्याने मान्य केला, तर मागे फिरणे शोभत नाही.

सोन्याचा हिशोब वेगळा. वजन आणि त्या दिवसाचा दर ठरलेला, त्यामुळे बोलणी करायची ती घडणावळीवर. तिथे 14 कॅरेटचे दागिनेही मिळतात, म्हणून शिक्का पाहा.

जवळच एमिनोन्यूचा मसाला बाजार आहे. तिथे केशर फारच स्वस्त दिसले, तर सावध व्हा. त्या बहुधा करडईच्या वाळलेल्या पाकळ्या असतात. आणि करडई तर आपल्या सोलापूर-मराठवाड्यातही पिकते!