मुक्कामी गाडीचा हिशेब

(कागल पंचतारांकित एमआयडीसीतील बैठकीत केलेले भाषण)



सकाळी इथल्या एका कारखान्याच्या फाटकाशी बीडकडची दोन पोरे भेटली. रात्रपाळी करून ज्वारीच्या काढणीला निघाली होती. "तालुक्यापर्यंत पोचू, पुढचे बघू," म्हणाली. ते 'पुढचे' म्हणजे एसटीचा इतिहास आहे.

१ जून १९४८ ला मुंबई सरकारची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली. त्याआधी खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. भरल्याशिवाय हलायच्या नाहीत. मराठवाड्यात मात्र निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ पासूनच बस चालवल्या होत्या. विदर्भात मध्य प्रांताची सेवा होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर या सेवा एकत्र आल्या आणि १९६१ मध्ये आजचे महामंडळ झाले.

टप्पा वाहतुकीचा मक्ता सरकारने स्वतःकडे ठेवला. मक्ता म्हटले की कापूसवाल्यांचे कान टवकारतात. १९७२ ची एकाधिकार खरेदी आणि तिचे रखडलेले चुकारे आपण विसरलेलो नाही. पण इथे सौदा वेगळा होता. कमाईच्या रस्त्यावरचा पैसा तोट्याच्या रस्त्याला लावायचा. म्हणून पन्नास उंबऱ्यांच्या गावात गाडी मुक्कामाला यायची, पहाटे दवाखान्याची आणि कोर्टाची माणसे घेऊन निघायची. शहरात शिकणाऱ्या पोराचा भाकरीचा डबाही तिच्यातूनच जायचा.

सौदा मोडला कसा? लांब पल्ल्यावर खासगी आराम गाड्या आल्या, गावच्या रस्त्यावर इकडचे वडाप, तुमच्याकडची काळीपिवळी. कमाई तिकडे गेली, तोटा एसटीकडे राहिला. वर तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर, तोही खेडुताच्याच खिशातून. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. चांगलेच झाले. पण सवलत जाहीर करते सरकार, आणि तिचे पैसे मागत बसते महामंडळ!

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस संप झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. मीही तेव्हा कामगारांवर चिडलो होतो. नंतर त्यांच्या पगाराचा कागद पाहिला, आणि गप्प बसलो.

आता काम. तोटा म्हणून फेरी बंद करायची असेल, तर त्या फेरीचा हिशेब गावापुढे ठेवा, असे आगार व्यवस्थापकाला लेखी विचारायचे. सवलतीचे किती येणे बाकी आहे तेही विचारायचे. पासवाल्या शाळकरी मुली किती, ते आपण मोजून लिहायचे. कोरे कागद मागच्या टेबलावर आहेत. फेरीची वेळ लिहायला विसरू नका.