हात आखडला, तरी दावं सोडू नका



1970 साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. भातखाचरं गेली, गुरचरण गेलं. तरी कुणाच्या गोठ्यात एखादी गाय, कुणाकडं बैलजोडी आजही आहे. पण चारा आता विकतचा. त्यात घरात दुखणं आलं, की माणूस दावं सोडतो. मोकाट जनावर रस्त्यावर प्लॅस्टिक खातं, गाडीखाली सापडतं. 1960 च्या कायद्यानं असं वाऱ्यावर सोडणं हा गुन्हाही आहे. मग करायचं काय?

पहिलं, दवाखाना. जनावरानं रवंथ थांबवला, की त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. नेणं जमत नसेल तर 1962 हा फुकट नंबर फिरवा. लाळ्या-खुरकुताची लसही फुकट मिळते. कुत्र्याचं किंवा गुराचं मोठं दुखणं असेल, तर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे.

दुसरं, चारा. भाताचा पेंढा जाळू नका. 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. 100 किलो वाळल्या पेंढ्यावर थराथरानं शिंपडा, दाबून 21 दिवस हवाबंद झाका. मग पसरून उग्र वास जाऊ द्या आणि थोडा थोडा खाऊ घाला. सहा महिन्यांखालच्या वासराला तो देऊ नका. नुसता युरिया किंवा त्याचं पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नका, ते विष आहे.

तिसरं, पैसा. सावकाराआधी बँकेत जा. किसान क्रेडिट कार्ड पशुपालनासाठीही मिळतं. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही. वेळेवर फेडलं, तर व्याज 4 टक्के पडतं.

चौथं, विमा. तो हातात चार पैसे असतानाच उतरवायचा. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2024 पासून हप्त्यातला तुमचा हिस्सा 15 टक्के केला आहे. कानातला बिल्ला मात्र जपा.

एवढं करूनही झेपेना, तर लाज कसली? जनावर ओळखीच्या शेतकऱ्याला रीतसर द्या, बिल्ल्याची नोंद त्याच्या नावे करा. नाहीतर पांजरपोळात विचारा. ज्यानं आपली खाचरं नांगरली, त्याला रस्त्यावर सोडू नका.