औषध की विष?



मी मराठीचा प्राध्यापक. अळीविषयी बोलण्याचा माझा अधिकार शब्दापुरताच. पांढुर्णा-सौंसरकडे पऱ्हाटीवर ‘औषध मारले’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण विष फवारलेले असते. एकेकाळी सर्रास वापरलेले मोनोक्रोटोफॉस बोंडअळीच्या मज्जासंस्थेतील अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला जखडते. (‘विकर’ हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर कुणी उच्चारीत नाही, हे माझे जुने दुःख.) संदेश नेणारे रसायन काम होताच मोडणे, हे त्या विकराचे कार्य. ते थांबले की मज्जातंतू अखंड चेतत राहतात आणि अळी थरथरून मरते. परंतु काही अळ्यांच्या देहात विषाला निष्प्रभ करणारी दुसरी विकरे अधिक असतात. त्या जगतात, त्यांचीच प्रजा वाढते; शेतकरी मात्रा वाढवितो.

तेच अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज फवारणाऱ्याच्याही देहात असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने २० हून अधिक माणसे दगावली. त्या बातम्या वाचताना मला माझे वडील आठवले. पंप उतरवून ते ओसरीत बसत. तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. आई म्हणे, ‘ऊन लागलं.’