कमरेची नाडी



आज आम्ही तुमच्याशी कपड्यांविषयी बोलणार आहोत. महागडे कपडे, नव्या तऱ्हेचे कपडे, हा आमचा विषय नाही. आपण रोज कमरेला नाडी बांधतो, तिच्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत. हसू नका. विषय लहान दिसतो, पण त्यात जिवाचा प्रश्न आहे.

रात्री परकर सैल केला की कमरेवर वळ दिसतो. सकाळपर्यंत तो जातो. पण तीस-चाळीस वर्षे रोज त्याच जागी नाडी आवळली, तर वळ जात नाही. कातडी काळी पडते, कोरडी होते, खाजते. शेतात घाम येतो, त्यात धूळ बसते, वर नाडी घासते. कातडी सोलते. जखम भरते न भरते तोच नाडी पुन्हा तिच्यावर बसते. अशी जखम वर्षानुवर्षे चिघळत राहिली, तर तिथे कॅन्सर होऊ शकतो. क्वचित होतो, पण होतो.

२०२४ साली वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी अशा दोन बायांची हकीकत छापली. दोघी सत्तरीच्या आसपासच्या. दोघींच्या कुशीवर जखम होती. एकीची दीड वर्ष बरी होत नव्हती, दुसरीची दोन वर्षे. ही दुसरी बाई चाळीस वर्षे लुगडे कमरेला घट्ट नेसत होती. तिचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

हे बायकांचेच दुखणे, असे पुरुषांनी समजू नये बरं का. धोतराच्या घट्ट गाठीने कमरेवर होणाऱ्या कॅन्सरविषयी मुंबईचे डॉ. खानोलकर यांनी १९४५ सालीच लिहून ठेवले आहे.

म्हणून साडी वाईट, धोतर वाईट, असे आम्ही म्हणत नाही. दोष आवळण्यात आहे. बाई डोक्यावर हंडा घेते तेव्हा खाली चुंबळ ठेवते. का ठेवते? भार पसरावा म्हणून. मग कमरेला चुंबळ कुठे आहे? साडीच्या निऱ्या, ओचा, खोचलेला पदर, सगळा भार एका बारीक नाडीवर! वाकून निंदणी करायची, साडी सुटेल ही धास्ती, म्हणून बाई आणखी आवळते.

तेव्हा शिंप्याला सांगा, परकराचा नेफा रुंद कर आणि दोरीऐवजी चांगली तीन बोटे रुंद पट्टी घाल. त्याला जास्त कापड लागत नाही. गाठ एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे घ्यावी. घरी आल्यावर नाडी सैल करावी. कमर धुऊन कोरडी ठेवावी.

मनाचेही सांगतो. आमची उमर शाळेत गेली. वर्गात एखादे पोर सारखी चुळबुळ करी. पाहावे तर अंगात थोरल्या भावाची चड्डी, ती पडू नये म्हणून सुतळीने करकचून बांधलेली. सुतळी काढून कापडाची पट्टी बांधली, की पोर गणितात लक्ष घाली. कमर आवळलेली असली की चित्त कमरेतच राहते. मोठ्या माणसांचेही तसेच. श्वास पुरा घेता येत नाही, जीव कावतो, आणि राग निघतो लेकरांवर.

आणखी एक गोष्ट आहे, ती लाजेची. जखम कमरेवर, म्हणून बाई ती कोणाला दाखवत नाही. नवऱ्यालाही सांगत नाही. हळद लावते, वर नाडी बांधते, कामाला जाते. अशी दोन-दोन वर्षे जातात. भगिनींनो, तीन आठवड्यांत जखम भरली नाही, कडा जाड झाल्या, रक्त किंवा घाण येऊ लागली, तर थांबू नका. आधी आशाताईंना सांगा. दवाखान्यात बाई डॉक्टर किंवा नर्सबाईंना दाखवा. डॉक्टर जखमेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. रोग असला आणि तो लहान असला, तर तेवढा भाग कापून काढता येतो.