फूल खुडल्यानंतर



मुंबईत दादर स्थानकाच्या पश्चिमेस फुलांचा घाऊक बाजार भल्या पहाटे जागा होतो. झेंडूच्या गोण्या, शेवंतीचे ढीग आणि गुलछडीच्या जुड्या उतरत असतात. पुणे, नाशिक, सातारा अशा जिल्ह्यांतील शेतांत आदल्या दिवशी खुडलेली ही फुले रात्रभर प्रवास करून येथे पोहोचतात. ग्राहकाला त्यांचा रंग दिसतो. त्या रात्रीची घाई मात्र दिसत नाही.

बाजारात येणाऱ्या फुलांचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. हार, वेणी आणि पूजेसाठी लागणारी सुटी फुले हा एक, आणि पुष्पगुच्छ व सजावटीसाठी लागणारी लांब दांड्याची फुले हा दुसरा. पहिल्या वर्गातील झेंडू दसऱ्याच्या तोरणात इतका रुळला आहे, की तो मूळचा मेक्सिकोचा यावर सहसा विश्वास बसू नये. गुलछडी, म्हणजेच निशिगंध, हीदेखील तिकडचीच. दुसऱ्या वर्गातील गुलाब, जरबेरा व कार्नेशन यांच्यासाठी मावळ तालुक्यात मोठ्या प्रमाणावर हरितगृहे उभी राहिली. सौम्य हवामान आणि मुंबईचे सान्निध्य यांचा लाभ या भागास मिळाला. १४ फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाइन दिनासाठी येथील गुलाब परदेशीही रवाना होतात.

फूल झाडापासून वेगळे झाले तरी ते जिवंत असते, ही गोष्ट या व्यवसायात शिरणाऱ्या प्रत्येकाने प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. मुळांचा आधार तुटल्यामुळे दांड्यात साठलेल्या अन्नावर आणि बाहेरून मिळणाऱ्या पाण्यावर त्याला तग धरावा लागतो. दांड्यात हवा शिरली किंवा अस्वच्छ पाण्यातील जिवाणूंनी त्याच्या सूक्ष्म नलिका बुजल्या, की पाण्यात उभे असूनही फूल मान टाकते. म्हणूनच गुलाब सकाळच्या थंड वेळी, कळी मिटलेली असतानाच कापतात, लगेच पाण्यात ठेवतात आणि सुमारे २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानाच्या शीतगृहात हलवितात. गुलछडीची तळाची दोन-तीन फुले उमलली, की दांडा काढणीस आला असे समजतात.

पुष्परचनेचे शिक्षणही येथूनच सुरू होते. हार गुंफणारे हात ही कला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून शिकत आले. केळीच्या सोपाचा दोर किती ओला असावा, गाठ किती आवळावी, हे त्यांना सरावानेच उमगले. पुष्पगुच्छ करणाऱ्यासही असाच सराव लागतो. फिती आणि रंगीत कागद यांचे काम नंतरचे. आधी बादली स्वच्छ घासणे, धारदार सुरीने दांड्याचे टोक तिरपे कापणे आणि पाण्यात बुडणारी पाने काढून टाकणे. जरबेऱ्याचा लवदार दांडा खोल पाण्यात कुजतो, म्हणून त्याला पाणी बेताचेच द्यावे लागते. पिकलेल्या केळ्या-आंब्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन लवकर कोमेजते, म्हणून त्याला फळांपासून दूर ठेवावे लागते.

या लहानसहान गोष्टींवर शेतकऱ्याचे उत्पन्न अवलंबून आहे. दसऱ्याला दुपारनंतर न खपलेला झेंडू रस्त्याकडेला टाकून रित्या हाताने परतणारा शेतकरी अपरिचित नाही. फुलाला धान्याप्रमाणे कणगीत भरून भावाची वाट पाहता येत नाही. त्यातच दुसऱ्या दिवशी सुकलेला गुच्छ पाहून एखादा ग्राहक प्लॅस्टिकच्या फुलांकडे वळला, तर तो नुसत्या एका दुकानालाच दुरावत नाही. एका मळ्यालाही दुरावतो.

तळेगाव दाभाडे येथे हरितगृहातील लागवडीचे आणि काढणीनंतरच्या हाताळणीचे प्रशिक्षण मिळते. ग्रामीण तरुण-तरुणींनी ते अवश्य घ्यावे. शहरात फुलांचे दुकान थाटू इच्छिणाऱ्यानेही चार दिवस एखाद्या मळ्यात पहाटेच्या काढणीला उभे राहावे. फूल कोणत्या कष्टाने येते हे ज्याने पाहिले, त्याच्या हातून ते वाया जाण्याचा संभव कमी.