तीन दिवसांनी कळणारं पाणी

पळसदरीला तुम्ही ज्या लोकलनं उतरलात, ती पुढे खोपोलीला जाते. तिथं टाटांचं 1915 पासूनचं वीजकेंद्र आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी वीज देऊन पाताळगंगेत उतरतं, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. पुढे खालापूर, रसायनीचे कारखाने आणि शेवटी धरमतरची खाडी. मी त्या शेवटच्या टोकाबद्दल बोलणार आहे.

पाण्यात सेंद्रिय घाण किती, हे बीओडी चाचणीतून कळतं. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा लिटरला 3 मिलिग्रॅम. चाचणी साधी, पण नमुना 27 अंशांवर 3 दिवस ठेवावा लागतो. खाडीत दर साडेबारा तासांनी भरती येते. निकाल हातात येईपर्यंत जवळजवळ सहा भरत्या होऊन गेलेल्या असतात. आपण मोजलेलं पाणी तिथं उरलेलंच नसतं!

यावर तोड अशी. क्षारता, गढूळपणा, तापमान, भरतीची वेळ, कालचा पाऊस या गोष्टी लगेच मोजता येतात. जुन्या निकालांशी त्यांची सांगड घालायची आणि आजचा अंदाज काढायचा. संख्याशास्त्रात याला रिग्रेशन म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं 'व्हर्च्युअल बीच' हे सॉफ्टवेअर किनाऱ्यावरच्या पाण्यातल्या जिवाणूंचा अंदाज असाच काढतं. उत्तर क्षणात.

मीही हौसेनं एक मॉडेल केलं. हिवाळाभर धक्क्यावर मीटर घेऊन उभा राहायचो, नमुने लॅबला द्यायचो. मार्चपर्यंत ते झकास चाललं. सरासरी चूक किती कमी आहे, हे मी ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरलो. जूनमध्ये पाऊस आला आणि मॉडेल रोज 'धोका' म्हणायला लागलं. तीन दिवसांनी लॅबचा निकाल: मर्यादेच्या आत. कारण शोधायला आठवडा गेला. कोरड्या दिवसांत पाणी कमी खारट म्हणजे ओहोटी, म्हणजे वरून आलेली घाण, एवढंच ते शिकलं होतं. पावसात भरतीलाही पाणी गोडं असतं, हे त्याला मी कधी दाखवलंच नव्हतं.

बरं झालं, तो इशारा मी कुणाला पाठवला नाही. खोट्या इशाऱ्यानं मासळीवालीची टोपली तशीच परत जाते. हुकलेल्या इशाऱ्यानं पोरं घाणीत पोहतात. यातली कुठली चूक जास्त चालेल, त्यावर इशारा कधी द्यायचा ते ठरतं. प्रोग्राममध्ये त्यासाठी एक आकडा भरावा लागतो. मी तो घरी बसून, चहा पिता पिता भरला होता. खाडीवरच्या एकाही माणसाला विचारलं नव्हतं.

म्हणून यंदा मला पावसाळ्यातले नमुने हवेत, भरतीचे वेगळे आणि ओहोटीचे वेगळे. आणि तो आकडा ठरवायला धक्क्यावर सगळ्यांबरोबर बसायचंय. मीटर माझ्याकडे आहे. चौघं तरी सोबत हवेत, आणि कुणाच्या ओळखीत होडी असेल तर जेवणानंतर मला भेटा.