आईचे शेवटचे दिवस



वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. १९९७ पासून तिथं कॅन्सरच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा होते. आईला तिथं नेलं, तेव्हा चिंचवडच्या आमच्या वस्तीत बोललं गेलं, "म्हातारीला टाकून आले." टाकतो कसला! घरचं माणूस तिच्याजवळच होतं. जखम धुणं, मॉर्फिन ठरल्या वेळेलाच देणं, सगळं सिस्टरांनी शिकवलं. सेकंड शिफ्ट करून येणारा माझा दादा आधी आईला हात लावायला भ्यायचा. तोच तिचं अंग पुसू लागला. आजारी भिक्खूला भगवंतांनी स्वतः आंघोळ घातली, हे आपण विहारात नुसतं ऐकतो.

दुखणं उतरलं तशी आई बोलू लागली. आजाराचं नाव आम्ही तिच्यापासून लपवलं होतं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं रे. तुम्ही रडाल म्हणून गप्प होते."

मग तिघंही रडलो.